जायफळाचा खण

माझ्या डोक्यात साप अजून ओव्याच्या खणात आहेत. बेडूक सुंठीत, पिसं आणि फुटकी अंडी बेहड्यात, आणि माड, भात, बांबू असे सगळे वावडिंगात. पुढे कॉलेजात प्राध्यापक फळ्यावर लांबलचक लॅटिन नावं लिहीत. मी ती वहीत उतरवून घेई, पाठही करी. पण नाव पक्कं बसण्याआधी मन एकदा रत्नागिरीच्या त्या कपाटापाशी जाई, हवा तो खण ओढून बघे आणि मगच परत येई. परीक्षेत याचा मला तोटा कधी झाला नाही.

कपाट आमच्या मास्तरांचं. मास्तरांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर ते म्हणाले असते, "नाव लिहिलंस, बरं केलंस. आता कारण लिही."

मूळचं ते कपाट एका वैद्यांचं. वैद्य वारले, मुलगा मुंबईला नोकरीला लागलेला, औषधांचं त्याला काही नव्हतं. कपाट परसात पडलं आणि त्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मास्तरांनी ते मागून घेतलं, बैलगाडीत घालून शाळेत आणलं आणि आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीला लावलं. बेचाळीस खण होते. प्रत्येकावर वैद्यांच्या हातची शाईची चिठ्ठी. मास्तरांनी त्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत. "त्यांनी जन्मभर लावून ठेवलंय, ते मी कशाला पुसू? आपण आपलं आत लावू," म्हणाले. त्यामुळे आमच्या शाळेत हिरड्याचा खण ओढला की शिंपल्या, कालवं आणि गोगलगाई निघत, आणि जायफळाच्या खणातून खेकड्यांच्या नांग्या, वाळलेल्या कोळंब्या, गोमी आणि भुंगे. सगळ्याला वास मात्र औषधांचा.

तळाचा सर्वांत मोठा खण होता, त्याची चिठ्ठी गळून पडली होती. त्यात ज्यांचं काही कळलं नाही अशा वस्तू ठेवायच्या. मास्तरांना त्या खणाचा सगळ्यात अभिमान. पाहुणा आला की आधी तो उघडून दाखवत. "हे आम्हाला ठाऊक नाही," असं ते इतक्या आनंदानं सांगत, की पाहुण्याला वाटे, काहीतरी बक्षीसच मिळालंय.

तीस सालाच्या मागेपुढे मी त्या शाळेत आलो. आमचं गाव लांज्याच्या पलीकडे, आत. घरात तोवर कोणी सही केलेली नव्हती. मामा रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर होड्यांच्या डागडुजीचं काम करी, त्याच्याकडे मला ठेवलं. वर्गात मी तोंड उघडलं की मुलं हसत. माझं बोलणं गावचं होतं, आणि शहरातल्या मुलांना ते ऐकून गुदगुल्या होत. म्हणून मी बोलणंच सोडलं होतं.

मास्तरांच्या पहिल्या तासाला ते एवढंच म्हणाले, "जगात जिवंत वस्तू किती प्रकारच्या? सांगा."

वर्गात एका भटजींचा मुलगा होता. तो ताडकन उठला. "दोन. उपवासाला चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. मग खाडीवरचा एक मुलगा म्हणाला, "जाळ्यात ऱ्हातात ते, आणि जाळ्यातनं सुटतात ते." तेही लिहिलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी पाटीत तोंड खुपसलं. "तुझ्या गावात काहीच जिवंत नाही काय रे?"

मी म्हणालो, "गुरा खातंत ती, आनि गुरा तोंड लावत नायत ती."

हशा झाला. मास्तरांनी माझं वाक्य मी म्हटलं तसंच्या तसं, माझ्या बोलीत, फळ्यावर लिहिलं. मग खडू ठेवून म्हणाले, "तिन्ही बरोबर. आता याने उपवास सोडला, याने जाळं फाडलं आणि याने गुरं विकली, तर या वस्तूंचं काय होणार? त्या बदलणार काय? नाही ना? मग आपल्याला असं काहीतरी शोधायला हवं, जे आपल्या पोटावर नाही, त्यांच्या अंगावर आहे."

मला त्या वेळी हे सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. माझं वाक्य फळ्यावर होतं, तेवढं कळलं.

त्यांची छत्री हा रत्नागिरीत चेष्टेचा विषय होता. झाडाच्या फांदीखाली ती उलटी उघडून धरत आणि काठीनं फांदी हलवत. मुंग्या, कोळी, सुरवंट, ढेकणासारखे हिरवे किडे टपाटप छत्रीत पडत. मग छत्री हळूच मिटून शाळेत आणत. वैशाखाच्या उन्हात घाम गाळत, मिटलेली छत्री कडेवरच्या मुलासारखी धरून चालणारे मास्तर मी कितीदा पाहिले असतील. कोणी म्हणे, "अहो मास्तर, उघडा की ती." तर म्हणत, "कशी उघडू? आत मंडळी आहेत."

'किडा' हा शब्द त्यांना चालत नसे. "किडा नावाचा कोणी जन्माला येत नाही मेल्या. पाय मोज." आठ पाय भरले की कोळी, सहा भरले की दुसरं कोणी, मोजता मोजता थकलास की गोम. शिंपलं, शंख दिसला की म्हणत, "घर नको बघू. आत कोण राहतं ते बघ." हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून चारदा तरी येई.

त्यांच्या घरी मासळीचा वासही चालत नसे. मास्तर कोटाच्या खिशात बोंबिलाचं डोकं घेऊन आले, की त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्यांना मागच्या दारी थांबवत आणि विहिरीवरून दोन घागरी ओतून मगच आत घेत. "लग्नात मला सांगितलं, मुलगा शिक्षक आहे," काकू आम्हा मुलांना सांगत. "दर्यात जातो ते नाही सांगितलं."

रोज सकाळी बसायच्या तागाच्या पट्टीवर कोणी कुठे बसायचं, हे मास्तर नव्यानं ठरवत. एक दिवस ज्यांच्या डोक्यावर दोन भोवरे ते डावीकडे. दुसऱ्या दिवशी ज्यांना जीभ वळवून नळी करता येते ते पुढे. नियम आधी सांगत नसत. आम्हाला बसवत आणि म्हणत, "ओळखा, का बसवलं." आम्ही एकमेकांची डोकी, कान, नखं न्याहाळत बसू. एकदा कानांची पाळी आली. ज्यांच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली ते एकीकडे, ज्यांची सुटी ते दुसरीकडे. त्यात मी एका वकिलांच्या मुलाशेजारी आलो. आठवडाभर मास्तरांनी तो नियम बदलला नाही. वकील स्वतः शाळेत आले. मी दाराशीच होतो.

"मास्तर, माझा मुलगा कोणाशेजारी बसतो ते पाहिलंत?"

"पाहिलं तर. मीच बसवलाय."

"का बरं?"

"दोघांच्या पाळ्या चिकटलेल्या आहेत. या, बघा. तुमचीही चिकटलेली आहे. बसता काय इथे?"

वकिलांनी नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. ते तसेच परत गेले. त्यांचा मुलगा आणि मी पुढे सातवीपर्यंत एकत्र बसलो, आणि त्याची जुनी पुस्तकं मी वापरली.

कपाटाचा नियम एकच होता. कोणतीही वस्तू कोणीही कोणत्याही खणात ठेवावी, पण कारण सांगून. आणि दुसऱ्या कोणाकडे जास्त चांगलं कारण असेल तर त्यानं ती हलवावी. प्रत्येक खणात आत एक कागद डकवलेला असे. वस्तू हलली की जुन्या ओळीवर एकच रेघ ओढायची, म्हणजे खालचं वाचता येईल, आणि पुढे कारण आणि हलवणाऱ्याचं नाव. खोडून काळं करायचं नाही. "चूक झाकली की पुढच्याला ती पुन्हा करावी लागते," असं ते म्हणत.

आंबा, काजू आणि बिब्बा एका खणात कसे, हे आम्हाला पटत नव्हतं. मास्तरांनी विचारलं, "आंब्याचा चीक ओठाला लागून कोणाला फोड आलाय?" निम्मे हात वर. "काजूची बी भाजताना तेल उडून कोणाला भाजलंय?" पुन्हा तेच हात. "बिब्बा घालताना कातडी कोणाची उतरलीय?" एका मुलानं पोटरीवरचा डाग दाखवला. "झालं तर मग. तिघांचा स्वभाव एक आहे, रक्त एक असणारच. आता फुलं आणा, ती काय म्हणतात बघू." आमच्या अंगावरच्या डागांवरून आम्ही एक कूळ शिकलो.

सगळ्यांनाच हे आवडत होतं असं नाही. हेडमास्तर सरळ माणूस होते, पण त्यांना सातवीच्या परीक्षेची काळजी. शिवाय पावसाळ्यात खेकड्यांच्या नांग्यांचा वास त्यांच्या खोलीपर्यंत जाई. आठवड्याचा हा सृष्टिज्ञानाचा एक तास गणिताला द्यावा आणि कपाट अडगळीत टाकावं, असं त्यांनी वरती लिहून पाठवलं. वरून उत्तर आलं की शाळा तपासायला दिपोटी येतील तेव्हा बघून ठरवतील. शाळा तपासणाऱ्या साहेबाला तेव्हा सगळा जिल्हा दिपोटी म्हणे, आणि दिपोटी म्हटलं की शिक्षकही कोटाची बटणं लावू लागत.

मास्तरांनी आम्हाला हे सरळ सांगितलं. "सोमवारी साहेब येतील. त्यांना पटलं तर कपाट राहील. नाही पटलं तर नाही. तुम्ही घाबरू नका, मी घाबरतोच आहे, तेवढं पुरे."

मी मात्र घाबरलो. आठवडाभरात तो एकच तास असा होता, ज्यात माझ्या तोंडून शब्द फुटत. तो गेला असता तर मी पुन्हा मुका झालो असतो, आणि मुक्या मुलाला किती दिवस परगावी ठेवायचं, हे वडील विचारणारच होते.

शनिवारी शाळा सुटताना मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून आपलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. ते त्यांनी कधी कोणाला दिलं नव्हतं. "तू खाडीवर राहतोस. सोमवारसाठी काही ताजं मिळालं तर आण. भिंग सांभाळ."

रविवारी भरतीला मामानं एक मचवा किनाऱ्यावर ओढून घेतला होता. मचव्याच्या तळाला पांढरी, चुन्यासारखी टोकदार टोपणं चिकटतात. शेकड्यांनी चिकटतात, आणि मग मचवा जड चालतो, म्हणून ती खरवडावी लागतात. वर्गात आम्ही त्यांना होडीदात म्हणत असू. होडीदात हिरड्याच्या खणात होते, शिंपल्या-कालवांच्या बरोबर. वर चुन्याचं घर, आत मऊ अंग, पाय नाहीत, जागा सोडत नाही. कारण पक्कं होतं, आणि ते खुद्द मास्तरांनी लिहिलेलं होतं, शाळेत कपाट आलं त्या वर्षी.

होडीदात चिकटलेली एक फळकुटाची चीप मी सोलून काढली आणि नारळाच्या करवंटीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात ठेवली. काम संपवून परत आलो तर टोपणाच्या टोकाशी फट पडली होती. त्या फटीतून काहीतरी बाहेर आलं आणि आत गेलं. पुन्हा आलं. मूठ उघडावी, पाण्यातून काही पकडावं आणि मिटावी, तसं. मी भिंग लावलं. ते बोटांसारखे दिसत होते, पण बोटं नव्हती. बारीक, वाकडे, केसाळ, आणि प्रत्येकाला सांधे. एकामागून एक सांधे, कोळंबीच्या पायाला असतात तसे.

"काय रं, काय बगतंस येवडा?" मामा म्हणाला.

"मामा, ह्येंका पाय हायत."

"आसतील. तुला बी हायत. उठ, पानी आन."

मी पाणी आणलं. सांध्याचे पाय म्हणजे जायफळाचा खण. मास्तरांचाच नियम. म्हणजे मास्तरांचा खण चुकीचा होता, आणि उद्या साहेब येणार होते. मी ठरवलं, उद्या काही बोलायचं नाही. तपासणी होऊन जाऊ दे. करवंटी मी पडवीत टोपलीखाली झाकून ठेवली.

साहेब बारीक अंगाचे, हळू आवाजाचे होते. सोनेरी काडीचा चष्मा, आणि दर थोड्या वेळानं घड्याळ बघण्याची सवय. कपाटासमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"मास्तर, कोळंबी जायफळात कशी?"

"जायफळ बाहेर आहे साहेब. कोळंबी आत आहे."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. साहेबांनी मात्र मान हलवली आणि हिरड्याचा खण ओढला. त्यातून नेमका होडीदात उचलला. मग वर्गाकडे बघितलं. मी कोपऱ्यात लपायचा प्रयत्न करत होतो, म्हणूनच बहुधा माझ्यावर नजर ठरली.

"हे काय, बाळ?"

"होडीदात."

"याच खणात का?"

मी कागदावरचं पाठ म्हटलं. "वर चुन्याचं घर आहे. आत मऊ अंग. जागा सोडत नाही." मग राहिलेलंही म्हटलं. "पाय नाहीत."

"शाब्बास," साहेब म्हणाले. "कारणासकट सांगतो." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "तास चालू द्या." मास्तरांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी मामीनं वाढलेलं ताट मी तसंच बाजूला सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांसमोर, न अडखळता, शुद्ध बोललो होतो, आणि त्यातले पाय नाहीत हे दोन शब्द खोटे होते. शेवटी करवंटी दोन्ही हातांत धरून, पाणी सांडू न देता, मास्तरांच्या घरी गेलो.

मास्तर ओटीवर बसले होते. मी करवंटी आणि भिंग पुढे ठेवलं. त्यांनी भिंग लावलं. पुष्कळ वेळ वाकून बसले. मग एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, "अहो, पाय! पाय आहेत याला! अगं ए, बाहेर ये! अकरा वर्षं मी याला हिरड्यात कोंडून ठेवला!"

काकू बाहेर आल्या, वास आला तशा परत आत गेल्या.

मास्तर हसत होते, डोळे पुसत होते. मग एकाएकी थांबले. "कधी बघितलंस?"

"काल."

"काल? मग सकाळी पाय नाहीत म्हणालास?"

मी मान डोलावली.

"कारण सांग."

"तास गेला असता."

मास्तरांनी भिंग सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग म्हणाले, "कारण चांगलं आहे. खण चुकीचा." आणि उठलेच. आतून एक काचेची बरणी घेऊन आले, करवंटीतलं पाणी आणि फळकूट तिच्यात घातलं. "अहो, ती मुरंब्याची आहे!" आतून काकू. "आज तिच्यात पाहुणा आहे!" म्हणत ते पायऱ्या उतरलेसुद्धा. "साहेब चारच्या बोटीनं जाणार. चल. पळ."

टोपी नाही, कोट नाही, उपरणं उडतंय, छातीशी बरणी, असे मास्तर मांडवी बंदराच्या रस्त्यानं धावत होते आणि मी मागे. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राही. उतारूंना पडावात बसवून तिच्यापर्यंत नेत. साहेबांचा पडाव सुटतच होता. मास्तरांनी गुडघाभर पाण्यात शिरून तो धरला. खलाशांनी आम्हा दोघांना ओढून आत घेतलं.

साहेबांना समुद्राचं भय असावं. दोन्ही हातांनी त्यांनी फळी घट्ट धरली होती. "मास्तर? काय झालं? शाळेला आग लागली का?"

"नाही साहेब. सकाळी एक चूक झाली. माझी. हा होडीदात हिरड्यातला नव्हे."

"मग?"

"जायफळातला. याला पाय आहेत. आपण बघावं."

साहेबांनी बरणीकडे बघितलं. पडाव हलत होता, पाणी डुचमळत होतं, आणि होडीदात घट्ट मिटून बसला होता.

"मला काही दिसत नाही."

"घाबरलाय साहेब. जरा थांबावं लागेल."

"मास्तर, बोट थांबणार नाही."

मला वाटलं, आता संपलं. सकाळचं सगळं गेलं, आणि हे माझ्यामुळे. साहेबांची नजर एव्हाना आगबोटीकडे वळली होती. तेव्हा सुकाणूवरचा म्हातारा तांडेल पुढे वाकून बघू लागला.

"ह्ये व्हय? ह्येच्यासाठी येवडी धावाधाव? मास्तर, माज्या पडावाच्या बुडाला आख्खा गाव हाय ह्येंचा. पान्यात हात काडून खातंत. आमची बारकी पोरा बगत बसतंत."

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मंग? रोजचाच हाय."

"मग सांगितलं कसं नाही कधी?"

"तुमी इचारलंव कवा?"

साहेब पहिल्यांदा हसले. फळी सोडली नाही, पण हसले. तांडेलानं एका खलाशाला हाक मारून बरणी त्याच्या मांडीवर घट्ट धरायला लावली, वल्ही जरा थांबवायला लावली, आणि म्हणाला, "बोलू नका. आयकतंत ते." आम्ही सगळे गप्प झालो. आगबोटीनं शिटी दिली. कोणी हललं नाही. एक बाई मुलाचं तोंड हातानं दाबून बसली होती.

आणि फट उघडली. एकदा, दोनदा, मग एका लयीत. मास्तरांनी भिंग पुढे केलं. साहेबांनी फळीवरचा एक हात काढला, चष्मा कपाळावर सारला आणि वाकले.

"काय चाललंय हे त्याचं?"

"जेवतंय साहेब," मास्तर म्हणाले.

बऱ्याच वेळानं साहेबांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. "तू सकाळी पाय नाहीत म्हणाला होतास."

"व्हय."

"आता किती आहेत?"

"लय हायत. मोजाया थांबत नायत."

"खण कुठला?"

"जायफळ."

पडाव आगबोटीला लागला तसं त्यांनी भिंग मास्तरांच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी दोर धरत आगबोटीची शिडी चढून गेले. मागे वळून बघितलं नाही. साहेब रागावले की नाही हे मला कळेना. येताना पडावातून मास्तरांनी ते फळकूट अलगद पाण्यात सोडलं. "आपल्यापायी बिचाऱ्याला पुष्कळ हिंडावं लागलं," म्हणाले. मला एक शब्द रागानं बोलले नाहीत. फक्त बंदरावर उतरताना म्हणाले, "सकाळी तुझी भाषा चांगली होती. पण पडावात बोललास ते जास्त चांगलं."

पुढचे पंधरा दिवस हेडमास्तर मास्तरांशी बोलले नाहीत. "हातात आलेलं कोणी पाण्यात जाऊन बुडवतं काय हो?" असं ते इतर शिक्षकांना विचारत. मास्तरांनी मात्र पहिल्याच तासाला सगळ्यांसमोर हिरड्याच्या कागदावर रेघ ओढली, होडीदात जायफळात ठेवला आणि तिथे लिहिलं: 'पाय आहेत.' पुढे माझं नाव. शाळेच्या हजेरीपुस्तकाखेरीज माझं नाव शाईनं लिहिलेलं मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

मग साहेबांचा शेरा टपालानं आला. हेडमास्तरांनी तो आम्हाला वाचून दाखवला, दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. 'सृष्टिज्ञानाच्या कपाटात एक वस्तू चुकीच्या जागी आढळली. ती योग्य जागी हलवलेली मी समक्ष पाहिली. तास चालू ठेवावा. जमल्यास खाडीवरील एखाद्या जाणकारास वर्षातून एकदा वर्गात बोलवावे.' त्या वर्षीपासून तांडेल दर माघात शाळेत येऊ लागला. मास्तरांच्या खुर्चीत बसायला तो तयार नसे. कपाटाला टेकून उभा राही आणि खण ओढून ओढून मास्तरांच्या चुका काढी. मास्तर पुढच्या पट्टीवर आमच्यात बसून लिहून घेत.

मी बी. एस्सी. झालो तेव्हा प्रमाणपत्र घेऊन आधी गावी गेलो, मग रत्नागिरीला. मास्तर निवृत्त झाले होते. काकूंनी मुरंबा दिला. मास्तरांनी प्रमाणपत्र उजेडात धरलं, भिंग लावून वाचलं, मग उलटं करून मागची बाजूही बघितली.

"नाव आहे. सही आहे. शिक्का आहे. कारण कुठे लिहिलंय?"

मी म्हणालो, "जायफळाच्या खणात."

त्यांनी प्रमाणपत्र परत माझ्या हातात दिलं. मग छत्री उचलली. "चल, बघून येऊ."

ऊन मी म्हणत होतं, पण छत्री मिटलेलीच होती. आत कोण आहे, हे मी विचारलं नाही. शाळेला सुट्टी होती. शिपायानं वर्ग उघडून दिला. जायफळाचा खण आता जरा अडकत होता. कागद पिवळा पडला होता, पण तोच होता. 'पाय आहेत,' आणि माझं नाव. त्याखाली मास्तरांच्या बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. माझी शाळा सुटल्यावर कधीतरी त्यांनी ती लिहिली असणार. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि पुढे: 'अकरा वर्षे पाहिले नाहीत. कारण: घर बघत राहिलो.'